सोळा बोअर आणि चिंचेचा कोळ

आमच्या मराठी मंडळाच्या सभासद-फॉर्मवर ‘व्यवसाय’ असा एक रकाना आहे. त्यात मी एकवीस वर्षं ‘क्वालिटी कंट्रोल’ असं लिहीत आले. खोटं त्यात काहीच नव्हतं. कशाची क्वालिटी, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगायला गेले नाही. गणपतीच्या पंगतीत एका बाजूला हृदयाचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला क्लाउडवाले, आणि मध्ये बसून मी काय म्हणायचं, जुन्या बंदुका विकते? वाढणारा मसालेभात घेऊन पुढच्या पानावर गेला असता.

आता रिटायर झालेय. गुडघे गेलेत आणि लाजही बरीच गेलीय. त्यात मंडळाच्या अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला की ताई, तुमच्या करिअरविषयी लिहा, नव्या मुलींना प्रेरणा मिळेल. म्हटलं, लिहिते. प्रेरणेचं तुमचं तुम्ही बघा.

मी मूळची नाशिकची. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये इन्स्पेक्टर होते. मायक्रोमीटर हातात धरायचा आणि पुरुषांनी बनवलेले पार्ट नापास करायचे, हे माझं काम, आणि ते मला मनापासून आवडायचं. लग्नानंतर मिनेसोटात, ईडन प्रेरीला आले. मुलं मोठी झाल्यावर काम शोधायला लागले, तेव्हा पश्चिमेला तासाभरावरच्या एका गावातल्या दुकानाची जाहिरात दिसली: अचूक मोजमाप करता येणारी व्यक्ती हवी. कशाचं मोजमाप ते लिहिलं नव्हतं. मला वाटलं, पडद्यांचं दुकान असेल.

दुकानाचा मालक लॅरी. त्याने माझ्यापुढे बंदुकीच्या नळ्यांची जोडी ठेवली, हातात गेज दिला आणि नळीची जाडी सांग म्हणाला. मी सांगितली, आणि वर हेही सांगितलं की तुझा गेज दोन थाऊ चुकतोय, आधी तो दुरुस्त कर. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लॅरीने गेज तपासला, टोपी मागे सरकवली आणि सोमवारपासून ये म्हणाला. घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं तर ह्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, हेल्थ इन्शुरन्स देतात का?

आणि हो, मी शाकाहारी आहे. हसून घ्या. एकवीस वर्षं शिकाऱ्यांना बंदुका निवडून दिल्या, पण एक पक्षी मारला नाही की खाल्ला नाही. दुकानात सगळ्यांना हे माहीत होतं आणि त्यामुळेच माझ्या शब्दाला वजन होतं. हिला स्वतःला काही नको आहे, म्हणजे खरं बोलत असणार, असा त्यांचा सरळ हिशेब.

धंदा काय ते थोडक्यात सांगते. आमच्याकडे गवतात आणि मक्याच्या कडेला फेझंट नावाचा पक्षी असतो. आपल्या तितराचा श्रीमंत चुलतभाऊ समजा: लांब शेपूट, मानेला पांढरी पट्टी, आणि पायाशी येईपर्यंत लपून बसायचं, मग असा फडफडाट करत उडायचं की माणसाचं काळीज तोंडात यावं. ही शिकार मचाणावर बसून होत नाही. कुत्रा पुढे आणि माणूस मागे, असं दिवसभर चालायचं. आठ मैल चाललं तर दोन बार होतात, तेही बहुतेक हवेत. म्हणजे बंदूक चालवायची कमी आणि वाहायची जास्त. म्हणून हलकी, आटोपशीर, दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेली दुनळी लोकांना हवी असते. नवीन घ्यायला गेलं तर डोळे पांढरे होतात. जुनी मात्र, शोधता आली तर, लॅपटॉपच्या भावात मिळते आणि नातवापर्यंत टिकते. ती शोधून देणं हे माझं काम.

शोधायची कशी? आधी नळ्या वेगळ्या करायच्या, एका बोटावर लटकवायच्या आणि लाकडी दांडीने हलकेच टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखा नाद घुमला तर ठीक. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर कुठेतरी जोड सुटलाय. मग पुन्हा जोडून उजेडासमोर धरायची आणि फटीतून प्रकाश दिसतो का बघायचं. स्क्रूच्या खाचा बघायच्या. त्या चावल्यासारख्या दिसल्या तर कोणीतरी अडाण्याने आत हात घातलाय. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: धातूवरचा मूळ रंग. कारखान्यातून येताना नळ्यांना निळा-काळा आणि मधल्या भागाला पाण्यावर तेल पसरावं तसे रंग दिलेले असतात. वापरून ते झिजतात, करडे-तपकिरी होतात. ते झिजणं खरं असतं. जुन्या बंदुकीची ती जन्मपत्रिका. घासून चकचकीत केलेली बंदूक म्हणजे केस रंगवून स्थळं बघायला निघालेला म्हातारा, त्यातून काहीच कळत नाही. म्हणून दुकानात माझ्या हाताने लिहिलेली पाटी होती: पुसू नका, घासू नका, आधी विचारा.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर अख्खा अंक लागेल. एक गृहस्थ लोकरी कोट आणि गुडघ्यापर्यंतची पँट घालून आले, ऑगस्टमध्ये. त्यांना इंग्लिश बनावटीचीच हवी होती आणि तिच्यावर कुत्रे कोरलेले हवे होते. मी म्हटलं, कुत्रा सोबत न्यायचा असतो, कोरायचा नसतो. ते रागावून गेले आणि दुसरीकडून तीन कुत्रे कोरलेली घेऊन आले, मला दाखवायला. नळ्या टिचकी मारून ऐकल्या, बद्द. तीन कुत्र्यांच्या खाली एक लांब चीर होती. दुसरा प्रकार आजोबांच्या बंदुकीवाल्यांचा. आजोबांची म्हणजे अमूल्य, तिच्यात घराचं छप्पर नवं होईल अशी यांची समजूत. ती बहुतेक वेळा हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या शेजारी विकली जाणारी साधी बंदूक निघायची. हे सांगताना डॉक्टरासारखा चेहरा करावा लागतो. आणि तिसरा प्रकार आपल्या मराठी लोकांचा. हे फार कमी यायचे, पण आले की तेच तीन मुद्दे: कितीला, शेवटचं किती, आणि ताई, मंडळात बोलू नका.

त्यांच्यातलाच एक मिलिंद. हे सगळं लिहिते आहे ते खरं तर त्याच्यापायी, आणि त्याच्यापेक्षा वॉलीपायी.

वॉली म्हणजे वॉल्टर, दुकानापासून सहा मैलांवरचा शेतकरी, वय चौऱ्याऐंशी. एकटाच राहायचा, सोबत टिली नावाची म्हातारी लॅब्रॅडॉर कुत्री. त्याच्याकडे सोळा बोअरची एक दुनळी होती, वडिलांनी घेतलेली. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आकडा मोठा तर भोक बारीक. लोक बारा बोअर मागतात, सोळाची काडतुसं सहज मिळत नाहीत, म्हणून सोळा स्वस्त जाते. जाणकाराला हाच सौदा. मी ती बंदूक प्रत्येक ऑक्टोबरला तपासून द्यायची. नाद खणखणीत. चालताना दोन पिढ्यांत जिथे हात पडत आला होता, बरोबर तिथे रंग झिजून गुळगुळीत करडा झालेला. एवढी प्रामाणिक बंदूक मी दुसरी बघितली नाही, माणसं तर सोडाच.

मग वॉलीचे डोळे गेले. अगदी काळोख नव्हे. समोरचं माणूस दिसायचं नाही, उजेड तेवढा कळायचा. त्या उन्हाळ्यात शेजारणीच्या गाडीतून तो बंदूक घेऊन आला आणि काउंटरवर ठेवून म्हणाला, ही विक. पण भिंतीवर टांगणाऱ्याला द्यायची नाही. चालणाऱ्याला द्यायची. आणि घेणाऱ्याने सीझनमधला एक दिवस ही घेऊन माझ्या शेतात, माझ्यासोबत आणि टिलीसोबत चालायचं, एवढी अट. टिलीचं हे शेवटचं वर्ष आहे, म्हणाला. स्वतःचं काही बोलला नाही. माणूस तू निवड, तुझा गेज चुकत नाही, असं म्हणून निघून गेला.

हौशी संग्राहक चौघे येऊन गेले. मी चौघांना नापास केलं. आणि मग मिलिंद आला.

मिलिंद ईडन प्रेरीतलाच, एका कंपनीत डायरेक्टर. मूळचा नागपूरचा, वय पंचेचाळीस, स्वभावाने गरीब, पण लॅपटॉप उघडल्याशिवाय बोलता येत नाही असा. त्याने चौदा रकान्यांचा तक्ता आणला होता: वजन, वय, बोअर, किंमत, आणि शेवटी ‘ओव्हरऑल व्हॅल्यू’ असा लाल-हिरवा आकडा. भानगड अशी होती की त्याचा बॉस दर ऑक्टोबरला साउथ डकोटाला फेझंटच्या शिकारीला जायचा, सोबत निवडक पाच-सहा जण. कंपनीचे सगळे निर्णय तिथे गवतात व्हायचे आणि सोमवारी मीटिंगमध्ये फक्त वाचून दाखवायचे. मिलिंदला तीन वर्षं बोलावणं नव्हतं. यंदा त्याने लंचला सहज म्हणून टाकलं होतं की मीही शिकार करतो. आता ते खरं करायला त्याला सहा आठवडे होते. बंदुकीच्या सुरक्षिततेचा ऑनलाइन कोर्स त्याने केला होता आणि त्यात शंभरपैकी शंभर मिळाल्याचं मला दोनदा सांगितलं.

वॉलीची बंदूक त्याच्या तक्त्यात हिरवीगार निघाली. खरं तर तिथेच मी नाही म्हणायला हवं होतं. पण तो ‘काकू, प्लीज’ म्हणाला, आणि आपला मुलगा, एवढा धडपडतोय, तीन वर्षं बाहेर ठेवलंय त्याला, म्हणून मी विरघळले. वॉलीने फोनवर एकच विचारलं, चालतो का तो? मी म्हटलं, रोज चार मैल. ट्रेडमिलवर, हे सांगितलं नाही. एकवीस वर्षांत दुकानात मी बोललेली ही एकच लबाडी.

सरकारी फॉर्म भरला, चौकशी झाली, बंदूक मिलिंदच्या घरी गेली. वॉलीला शनिवार कळवला, ऑक्टोबरच्या मधला. तेव्हापासून वॉली एक दिवसाआड दुकानात फोन करायचा. पाऊस नाहीये ना त्या दिवशी, मुलाला डोनट चालतात ना, टिली जरा लंगडतेय पण ती चालेल. आठवडा उरला असताना तर त्याने बुटांना नवी लेस घातल्याचंही कळवलं.

आणि आठवडा उरला असतानाच मिलिंदचा फोन आला. काकू, थोडा प्रॉब्लेम झालाय.

मला वाटलं, बॉसचं काही असेल. तेही होतंच. बॉसने त्या वर्षी शिकार सोडून पिकलबॉल नावाचा टेनिससारखा खेळ धरला होता. गुडघ्याच्या डॉक्टरने सांगितलं म्हणे. सगळे निवडक पाच-सहा जण रॅकेटी घेऊन धावत होते आणि मिलिंदचा नवा तक्ता पिकलबॉलच्या रॅकेटींचा होता. पण तो प्रॉब्लेम नव्हता. प्रॉब्लेम चादरीत गुंडाळून तो दुकानात घेऊन आला. सोबत त्याची आई, कुसुमताई, वय अठ्ठ्याहत्तर, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. साडी, वर जाड पार्का कोट, पायात नातवाचे स्नीकर.

मिलिंदने काउंटरवर चादर उघडली.

आदल्या आठवड्यात खंडेनवमी होती. घरात शस्त्र आहे आणि त्याची पूजा नाही, हे कुसुमताईंना पटेना. मिलिंद कामासाठी दोन दिवस डॅलसला जाणार होता. जाताना त्याने कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे बंदूक रिकामी करून, नळ्या वेगळ्या करून डायनिंग टेबलावर ठेवली आणि म्हणाला, आई, पूजेसाठी जरा स्वच्छ करून ठेव. बस्स. चिंचेचा कोळ, मीठ आणि वर रांगोळी. समई जशी घासतात तशी. नळ्यांचा निळा-काळा रंग गेला. मधले तेलासारखे रंग गेले. दोन पिढ्यांच्या हातांनी झिजवलेला करडा डाग तर पार निघून गेला. मागे राहिलं पांढरंशुभ्र लोखंड, त्यावर खोबरेल तेल, आणि दोन्ही नळ्यांना हळदकुंकवाची बोटं. एका नळीत झेंडूचं फूल अजून तसंच होतं.

“इतकी कळकट होती गं,” कुसुमताई मला म्हणाल्या. “मिलिंदला म्हटलं, जुनी घेतली ती घेतली, पण पूजेला अशी ठेवायची का? दोन दिवस घासून राहिले.”

त्यांचा चेहरा असा फुललेला होता की माझ्या तोंडून ‘छान झालीय’ असंच निघालं. पाठीमागे माझीच पाटी लटकत होती, इंग्रजीत. लॅरी आतून आला, त्याने बंदूक बघितली आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. तसाच परत आत गेला. मी त्याच्यामागे गेले आणि खोक्यावर बसून घेतलं. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि तो नेमका कोणावर काढायचा तेच समजत नव्हतं. म्हातारीवर काढावा तर तिने प्रेमाने केलेलं. मिलिंदवर काढावा तर त्याला मीच पास केलेलं.

पुन्हा रंग द्यायला तीन महिने लागतात, आणि दिला तरी तो खोटाच. मिलिंदने तोडगे सुचवले. काळं बूट पॉलिश. मॅट स्प्रे. मग, काकू, तसंही आता मला ट्रिपला जायचं नाहीये, तर मला कोविड झालाय असं आपण वॉलीला कळवू का? तेव्हा मात्र मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, त्या माणसाने बुटांना नवी लेस घातलीय. शनिवारी सकाळी आठला तू तिथे उभा दिसला पाहिजेस, नाहीतर मंडळाच्या ग्रुपवर तुझा तक्ता टाकते.

आणि मग मी जे ठरवलं त्याची मला आजही लाज वाटते. मी ठरवलं, सांगायचंच नाही. वॉलीला दिसत नाही. हाताला बंदूक तीच लागेल, वजन तेच, लाकूड तेच. गोठ्याच्या सावलीत त्याच्या हातात द्यायची, परत घ्यायची, चालायचं, डोनट खायचे, घरी यायचं. आंधळ्या माणसाला फसवायचा माझा बेत, मी जी पुरुषांचे पार्ट अर्ध्या थाऊसाठी नापास करायची.

शनिवारी लख्ख ऊन होतं. मक्याची अर्धी कापणी झालेली, गवत कमरेएवढं, थंडी बेताची. मिलिंदने त्या दिवशी एकही पक्षी पाडला नाही हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. कुसुमताई हट्टाने आलेल्या. मुलगा पहिल्यांदा शस्त्र घेऊन निघालाय म्हणून सकाळीच गॅरेजमध्ये त्याला ओवाळलं होतं, कपाळावर कुंकू तसंच होतं. शिकारीला भडक नारिंगी जाकीट घालावंच लागतं. आम्ही सगळ्यांनी घातलं. कुसुमताईंनी साडीवर घातलं आणि रंग बघून प्रसन्न झाल्या. भगवा आहे, म्हणाल्या, चांगलं केलंय सरकारने.

वॉली अंगणात काठी घेऊन उभा होता. दाढी केलेली, टिली पायाशी. त्याने मिलिंदचा हात हातात घेऊन बराच वेळ धरला आणि मग बंदूक मागितली. मी म्हटलं, आत गोठ्यात चल, ऊन फार आहे. तो म्हणाला, सहा महिने घरातच बसलोय, मला उन्हातच उभं राहू दे. मिलिंदने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? त्याने बंदूक उघडली, रिकामी असल्याचं मोठ्याने सांगितलं आणि वॉलीच्या हातात दिली.

माझ्या सगळ्या बेतात एक गोष्ट मी धरलीच नव्हती. वॉलीला माणूस दिसत नव्हता, शेत दिसत नव्हतं, पण उजेड दिसायचा. आणि त्या उन्हात ती नळी अशी लखलखली की त्याने मान मागे घेतली.

“शुभा,” तो म्हणाला. शुभदा त्याला कधी जमलं नाही. “माझ्या बंदुकीतून हे काय चमकतंय?”

मिलिंदने घसा साफ केला आणि ऑफिसमध्ये बोलतात तसं बोलायला लागला. मेंटेनन्सच्या दरम्यान थोडं प्रोसेस डेव्हिएशन झालंय, सर्फेसवर इम्पॅक्ट आहे पण फंक्शनवर नाही. वॉलीने तोंड त्याच्याकडे वळवलं आणि नुसता थांबला. मिलिंदचं बोलणं आपोआप विरलं. टिली मिलिंदचे बूट हुंगत होती.

कुसुमताईंना इंग्रजी येत नाही, पण चेहरे वाचता येतात. त्यांनी माझा दंड धरला.

“माझ्यानं काही बिघडलं का गं? खरं सांग.”

मी हो म्हटलं, आणि घासून गेलेला तो करडा डाग त्यांच्या वडिलांच्या हाताचा होता हेही सांगितलं. त्यांनी पदर खोचला, वॉलीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मागे न बघता मला म्हणाल्या, “सांग त्यांना. मी घासली. मुलाची चूक नाही, मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या वडिलांची खूण होती, ती माझ्या हातानं गेली. म्हणावं, वाईट वाटते मला.”

दुभाष्याच्या हातात फार असतं. मला चार शब्द इकडचे तिकडे करता आले असते. नाही केले. सगळं जसंच्या तसं सांगितलं: चिंच, मीठ, रांगोळी, पूजा. आणि सांगतेच आहे तर, म्हणून पुढे माझंही सांगितलं. हा चालतो तो ट्रेडमिलवर, वॉली. तू मला विचारलंस आणि मी खोटं बोलले. आणि आत्ता गोठ्यात तुला बोलावत होते तेही तुला दिसू नये म्हणूनच.

वॉलीचा अंगठा नळीवरून पुढे-मागे फिरत होता, नेहमी हात पडायचा बरोबर त्या जागी. आता तो बंदूक घेऊन आत जाईल, आणि त्याचंही बरोबरच असेल, असं मला वाटत होतं.

“डोरिसला ती घासायची होती,” तो म्हणाला. डोरिस त्याची बायको, जाऊन नऊ वर्षं झाली होती. “त्रेचाळीस वर्षं. दर ऑक्टोबरला विचारायची, वॉल्टर, ती घाणेरडी वस्तू मला एकदा स्वच्छ करू दे. आणि मी म्हणायचो, हात लावायचा नाही.” त्याने बंदूक पुन्हा उन्हात धरली, डोळे मिचकावले. “सगळं घर तिच्या हाताखालून गेलं, आणि एवढ्या एका वस्तूला मी तिला हात लावू दिला नाही. काय बिघडलं असतं?”

काय बिघडतं ते एकवीस वर्षं मी जगाला सांगत होते, पाटी लावून.

त्याने काठी काखेत धरली, हात पुढे करून चाचपडत कुसुमताईंचा हात शोधला आणि त्यावर थोपटलं. मला म्हणाला, यांना सांग, काम उत्तम झालंय. डोळे गेल्यापासून पहिल्यांदा मला माझी बंदूक दिसतेय.

“काय म्हणून राहिले ते?” कुसुमताईंनी विचारलं.

“चांगली घासलीय म्हणतात.”

“मग? दोन दिवस लागले मला,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.